आइस हॉकीचे स्केट गरम करून पायाला बसवणे : पद्धत, मर्यादा, शंका

हिमकण (एडमंटन) :

सप्टेंबरात इकडे कॅनडात हॉकीचा मोसम सुरू होतो, नवे स्केट घरी येतात, आणि दरवर्षी तेच प्रश्न पुन्हा येतात. बूट बेक करायचे का? घरच्या ओव्हनमध्ये चालेल का? किती मिनिटं? उत्तरं इकडेतिकडे विखुरलेली आहेत आणि बरीचशी एकमेकांना छेद देणारी. म्हणून हा धागा. दुकानात हे काम रोज करणाऱ्यांनी भर घालावी, माझं चुकलं असेल तिथे दुरुस्त करावं.

आधी आत नेमकं काय घडतं ते. हॉकीच्या बुटाची घोट्याभोवतीची भिंत उष्णतेने मऊ होणाऱ्या कंपोझिटची (धागे आणि प्लास्टिक मिळून बनलेल्या साहित्याची) असते. तिच्या आत फोम, फोमवर लायनर म्हणजे अस्तर, आणि हे थर एकमेकांना गोंदाने धरलेले. साधारण ८० अंश सेल्सियसला, म्हणजे फॅरनहाइटमध्ये १७५ ते १८०, भिंत लवचिक होते आणि फोम दबायला तयार होतो. पाय आत असताना बूट थंड झाला की तो पायाचा आकार धरून बसतो. घोट्याच्या हाडांना खळगे मिळतात, टाच मागे घट्ट धरली जाते, आणि नवा कडक बूट वापरून वापरून मऊ करण्यात जे तास जातात ते बरेच कमी होतात.

पण बूट लांबीला वाढत नाही. पुढची टो कॅप कडक प्लास्टिकची असते, ती या तापमानाला हलत नाही. म्हणून बेक करण्याआधी माप तपासणं हे खरं काम. स्केट नेहमीच्या बुटापेक्षा साधारण एक ते दीड नंबर लहान लागतो. नाड्या बांधून ताठ उभं राहिल्यावर अंगठ्याचं टोक कॅपला जेमतेम टेकलं पाहिजे, आणि गुडघे वाकवून खेळायच्या पवित्र्यात आलं की ते मागे सरकलं पाहिजे. वाकल्यावरही बोटं कॅपवर दाबली जात असतील तर बूट लहान आहे. नाड्या सोडून पाय पूर्ण पुढे सरकवल्यावर टाचेमागे बोट सहज फिरत असेल तर मोठा आहे.

दुसरी तपासणी पेन्सिलीची. नाड्या सैल, जीभ पुढे ओढलेली, पाय आत. वरून तिसऱ्या छिद्राच्या पातळीवर दोन्ही कडांवर पेन्सिल आडवी ठेवायची. ती पायाला न टेकता दोन्ही कडांवर सपाट बसली तर बुटाची खोली पुरेशी आहे. पायावर टेकून डुलली तर बूट उथळ आहे. उथळ बूट कितीही वेळा बेक केला तरी खोल होणार नाही, आणि पुढे नाड्यांचा सगळा ताण पायाच्या वरच्या बाजूवर येईल.

माप बरोबर असेल तर पद्धत अशी. ओव्हन १७५ फॅरनहाइटला आधी तापवून घ्या. सामन्यात घालता तेच पातळ मोजे घाला. नाड्या खालपर्यंत सैल करा, जीभ पुढे उघडा. एका वेळी एकच बूट, ट्रेवर, मधल्या कप्प्यात, भिंतींना न टेकता. चार ते आठ मिनिटं. नेमका वेळ त्या मॉडेलच्या पुस्तिकेत बघा, कारण तो बुटाच्या जाडीवर ठरतो. काढल्यावर घोट्याजवळची भिंत अंगठ्याने दाबून बघा, ती सहज आत गेली पाहिजे. पाय घाला, टाच मागे बसवा, नाड्या बांधा, खुर्चीत बसून १५ मिनिटं हलू नका. नंतर नाड्या पूर्ण सोडून पाय अलगद काढा. मग दुसरा बूट. २४ तास बर्फावर जायचं नाही.

रिंककाठी (मिसिसागा) :

चांगला धागा, हिमकण. प्रो शॉपमध्ये, म्हणजे रिंकवरच्या हॉकी सामानाच्या दुकानात, दिवसाकाठी याच कामाच्या टेबलाशी उभं राहावं लागतं, त्यामुळे जिथे लोक हमखास चुकतात त्या जागा सांगते.

पहिली जागा म्हणजे नाड्या. गरम बुटाची नाडीची छिद्रं मऊ झालेली असतात. अशा वेळी नाडी सवयीने वर, आपल्याकडे ओढली की पितळी आयलेट (छिद्राची कडी) कंपोझिटमधून सुटतं किंवा छिद्र लांबुळकं होतं. नाडी बाजूला, बाहेरच्या दिशेने ओढायची. खालून सुरुवात करून एकेक जोडी ताणत वर जायचं, शेवटी एकदम जोर लावायचा नाही. घट्टपणा खेळताना असतो तेवढाच. काही जण जास्त आवळतात, "म्हणजे साचा नीट बसेल" असं म्हणून. त्याने पायाच्या वरच्या भागावर फोम चेपला जातो आणि नंतर तिथे नाडी सैल पडत राहते.

दुसरी जागा टाच. पाय घातल्यावर, नाड्या बांधण्याआधी, ब्लेडचा मागचा भाग रबरी चटईवर दोन-तीनदा हलकेच टेकवायचा, म्हणजे टाच मागच्या खोबणीत पूर्ण जाते. हे राहून गेलं तर सगळा साचा पाऊण सेंटिमीटर पुढे तयार होतो, आणि मग लोक म्हणतात "बेक केल्यावर टाच उचलायला लागली".

तिसरं, बसण्याची पद्धत. गुडघा काटकोनात किंवा नडगी किंचित पुढे झुकलेली, पाऊल जमिनीवर सपाट. बहुतेक मॉडेलमध्ये उभं राहायचं नाही, चालायचं तर अजिबात नाही. उभं राहिलं की पावलाची कमान खाली जाते, पाय आतल्या बाजूला कलतो, आणि मऊ भिंत तो कल तसाच उचलते.

बुटाचा आतला सुटा तळवा (इनसोल) बुटातच ठेवायचा. तो काढून साचा घेतला आणि नंतर परत घातला, तर पाय दोन-तीन मिलिमीटर वर येतो आणि घोट्याचे खळगे चुकीच्या उंचीवर राहतात. बाजारातून वेगळा तळवा घेतला असेल तर तोच आधी कापून बसवा, मग बूट गरम करा.

नाड्या बांधून झाल्यावर दोन्ही बाजूंच्या छिद्रांच्या रांगा बघा. त्या साधारण समांतर आणि दीड ते दोन इंच अंतरावर असाव्यात. वर फाकून इंग्रजी व्हीसारख्या दिसत असतील तर बूट पायाला अरुंद किंवा उथळ आहे. एकमेकींना जवळजवळ चिकटल्या असतील तर ढगळ आहे, फोम दबल्यावर आवळायला जागाच उरणार नाही.

प्राजक्त_कॅलगरी :

घरच्या ओव्हनबद्दल एक शंका. बूट आत ठेवल्यावर ओव्हन चालू ठेवायचा की बंद करायचा? दोन्ही सल्ले वाचले आहेत.

हिमकण :

बंद. घरचा ओव्हन १७५ वर लावला म्हणजे आतली हवा कायम १७५ असते असं नाही. तो वर जातो, बंद होतो, खाली येतो, पुन्हा पेटतो. पेटतो त्या क्षणी तापलेल्या सळईची थेट झळ बुटाच्या सगळ्यात जवळच्या भागावर बसते, हवेचं तापमान काहीही असो. बहुधा तो भाग म्हणजे तळ किंवा ब्लेडचा होल्डर असतो, आणि नुकसान तिथे नकोच. आधी तापवून, बंद करून, मग बूट आत ठेवला की फक्त साठलेली उष्णता मिळते.

यात एक अडचण आहे. दार उघडलं की बरीच गरम हवा बाहेर जाते. म्हणून जाड ट्रे ओव्हनबरोबरच तापू द्या, तो उष्णता धरून ठेवतो. दार उघडून बूट ठेवून लगेच बंद करा, मधे डोकावू नका.

रिंककाठी :

सहमत, आणि ओव्हनच्या आत ठेवायचा साधा तापमापक आधी घ्या. घरच्या ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि आतलं खरं तापमान यात २०-२५ फॅरनहाइटचा फरक सहज निघतो. इकडच्या बऱ्याच ओव्हनमध्ये सगळ्यात खालची सेटिंग १७० असते, म्हणजे खाली यायला फार वाव नाही. वर चुकलात तर मात्र बूट जातो.

काय बिघडतं तेही सांगते, कारण "जास्त गरम झालं तर काय होणार" असं पुष्कळांना वाटतं. भिंतीतलं कंपोझिट बऱ्यापैकी सहन करतं. वरच्या मॉडेलांमध्ये वापरतात ते कर्व्ह नावाचं कंपोझिट पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचंच बनलेलं असतं आणि ते वितळायला १६० अंश सेल्सियसच्या आसपास जावं लागतं. आधी हार मानतात गोंद आणि फोम. लायनर भिंतीपासून सुटून फुगा येतो, टाचेजवळ सुरकुती पडते, फोम कायमचा चेपून कागदासारखा होतो, तळाची पाटी कडेने उघडायला लागते. यातलं काहीही पुन्हा गरम करून दुरुस्त होत नाही. शिवाय बऱ्याच कंपन्या हे काम अधिकृत दुकानातच करा असं सांगतात. घरी करायच्या आधी वॉरंटीची अट वाचा. पुष्कळ दुकानं नव्या खरेदीबरोबर बेक करून देतात, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. दुकानाच्या पेटीत गरम हवा फिरती असते, टायमर असतो, झळ थेट लागत नाही. ३०० डॉलरच्या वरचा बूट असेल तर घरी प्रयोग करू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

मायक्रोवेव्हचा विचारही नको. बुटात रिव्हेट आहेत, आयलेट आहेत, खाली पोलादाचं ब्लेड आहे.

टाच_अंगठा (न्यू जर्सी) :

ब्लेड काढून ठेवायचं का?

हिमकण :

गरज नाही. ८० अंशाला पोलादाला काही होत नाही, धारही जात नाही. पण हल्लीच्या होल्डरांत ब्लेड खटक्याने किंवा एका बोल्टने निघतं, तेव्हा काढलं तरी चालेल. काढण्याचा एक फायदा: बूट बाहेर काढताना तापलेल्या धारेला हात लागत नाही. तोटा: ब्लेडशिवाय होल्डर सपाट उभा राहत नाही, बूट कलतो, आणि मग बसताना पायही कलतो. ठेवलं तर आधी पुसून कोरडं करा आणि कापडी आवरण काढून टाका.

गरम झाल्यावर रिव्हेट मात्र तपासा. बूट थंड झाल्यावर, दुसऱ्या दिवशी, होल्डर हाताने दोन्ही बाजूंना पिळून बघा. किंचितही टकटक झाली तर सैल रिव्हेट दुकानातून बदलून घ्या.

प्राजक्त_कॅलगरी :

आता मूळ प्रश्न. चवडा रुंद, टाच अरुंद. मधल्या रुंदीचा बूट टाचेला छान धरतो पण करंगळीच्या बाजूला, बोटांच्या मागे जे हाड बाहेर येतं तिथे २० मिनिटांत दुखायला लागतं. रुंद बूट घेतला तर चवडा सुखात आणि टाच हलते. बेक करून यातलं काय सुटेल?

रिंककाठी :

टाचेला धरणारा बूट घ्या. चवडा नंतर रुंद करता येतो, ढगळ टाच घट्ट करता येत नाही. या जोडीत हाच क्रम.

नुसत्या बेकने करंगळीच्या बाजूला थोडीच जागा मिळेल, कारण त्या भागात भिंत टो कॅपला आणि तळाला जोडलेली असते, म्हणून कमी हलते. त्यासाठी पंच करून घ्या. दुकानात चिमट्यासारखं अवजार असतं, एका बाजूला गोळा, दुसऱ्या बाजूला कडं. फक्त तेवढी जागा हीट गनने (खूप गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने) गरम करायची, गोळा आतून आणि कडं बाहेरून लावून आवळायचं, थंड होईपर्यंत तसंच ठेवायचं. तीन ते पाच मिलिमीटर फुगवटा मिळतो. थोडा परत जातो, म्हणून गरजेपेक्षा किंचित जास्त ताणतात. एका फेरीत पुरलं नाही तर दुसरी.

जागा दाखवायची पद्धत महत्त्वाची. "इथे कुठेतरी दुखतं" यावर पंच करणं म्हणजे अंदाज. हाडावर, उघड्या पायाला, लिपस्टिकचा ठिपका लावा, पातळ प्लास्टिकची पिशवी न घालता पाय बुटात घाला, उभे राहा, काढा. आत लायनरवर जिथे रंग उमटला तिथेच गोळा लावायचा. ठिपका नंतर ओल्या कापडाने निघतो.

हिमकण :

यातच भर. घोट्याचं हाड फार पुढे आलेलं असेल, किंवा पायाच्या आतल्या बाजूला, कमानीच्या वर गाठीसारखं हाड असेल, तर बेक करायच्या आधी त्या हाडावर दोन-तीन मिलिमीटर जाडीचा फोमचा तुकडा चिकटवा, वर मोजा, मग गरम बुटात पाय. तेवढा खळगा आपोआप जास्त खोल होतो. तुकडा हाडापेक्षा थोडाच मोठा कापा आणि कडा कात्रीने उतरत्या करा, नाहीतर खळग्याच्या कडेवरच नवी टोच तयार होते.

रुंदीच्या नावांबद्दल: बाउअरमध्ये आता फिट १, २, ३ असतात. १ म्हणजे अरुंद आणि उथळ, ३ म्हणजे रुंद आणि खोल. सीसीएममध्ये टेपर्ड, रेग्युलर, वाइड. जुन्या मॉडेलांवर डी आणि डबल ई दिसतं, डबल ई रुंद. एका कंपनीचा रुंद आणि दुसरीचा रुंद एकसारखे नसतात, पाय घालून बघण्याला पर्याय नाही.

बर्फाळवाट (विनिपेग) :

ट्रू या कंपनीच्या स्केटबद्दल कोणी लिहिलं नाही. त्यांची रीत वेगळी आहे. मुळात हे बूट विनिपेगच्या व्हीएच या छोट्या कंपनीचे, २०१६ मध्ये ती ट्रूने घेतली. तळ आणि भिंत एकाच तुकड्यात कार्बन कंपोझिटची असते, वेगळी तळाची पाटी चिकटवलेली नसते. त्यामुळे टाच, कमान, घोटा, सगळं एकदम मऊ होतं आणि साचाही खूप नेमका बसतो. पण मऊ झालेला असा बूट नुसत्या नाड्यांच्या ताणावर पायाला चिकटत नाही. म्हणून बाहेरून स्ट्रेच रॅप गुंडाळतात, सामान बांधायला वापरतात तीच ताणणारी पारदर्शक पट्टी.

सुरुवात घोट्याच्या वरून. टाचेच्या वर, मागच्या शिरेच्या दोन्ही बाजूंना जे खोलगट भाग असतात, तिथून पट्टी ताणून आठाच्या आकड्यासारखी फिरवायची, मग कमानीखालून. ताण सारखा ठेवायचा. चवड्यावर फार आवळायचं नाही, तिथे पाय पसरायला जागा हवी. पट्टी कडांच्या पुढे आणून छिद्रांच्या रांगा एकमेकींकडे खेचू नका, नाड्यांनी ठरलेलं अंतर बदलतं.

प्राजक्त_कॅलगरी :

मग हाच रॅप बाकीच्या कंपन्यांच्या बुटांना गुंडाळला तर?

बर्फाळवाट :

टाच अरुंद असेल तर फायदा होतो, हे खरं. तुमच्या बाबतीत घोट्यावर आणि टाचेच्या वर तीन-चार फेरे पुरे, चवडा मोकळा ठेवा.

रिंककाठी :

इथे माझं थोडं वेगळं मत आहे. थरांनी चिकटवलेल्या बुटाला जोरात रॅप केलं की फोम गरजेपेक्षा जास्त दबतो. पहिले दोन आठवडे बूट अप्रतिम वाटतो, मग तोच फोम आणखी दबून टाच सुटते. तेव्हा फेरे कमी, ताण मध्यम. एकाच तुकड्याच्या बुटात फोमचा वाटा कमी आणि भिंतीचा वाटा जास्त, म्हणून तिथे रॅपचा परिणाम टिकतो. मऊ होण्याचं काम कुठे होतंय, फोममध्ये की भिंतीत, हे लक्षात घेतलं की कोणता सल्ला कोणत्या बुटाला लागू हे कळतं.

टाच_अंगठा :

मुलगी ९ वर्षांची, ज्युनियर मापाचे स्वस्तातले स्केट. बेक करून घेऊ का?

हिमकण :

ताई, लहान मुलांच्या आणि सुरुवातीच्या किमतीच्या बुटांत भिंत बहुधा साध्या प्लास्टिकची किंवा नायलॉनची असते. ती आकार घेत नाही, फक्त फोम किंचित दबतो. पुस्तिकेत किंवा खोक्यावर थर्मोफॉर्मेबल असं लिहिलेलं नसेल तर करू नका. ते लिहिलेलं नसताना गरम केलं तर फायदा शून्य आणि गोंद सुटायचा धोका तेवढाच.

लहान मुलांच्या बाबतीत मोठा प्रश्न वेगळाच असतो. "वाढतं पाऊल आहे" म्हणून दीड-दोन नंबर मोठा बूट घेतला जातो आणि जाड लोकरी मोज्यांनी भरला जातो. जाड मोजा बुटात घसरतो, टाच वर-खाली होते, मुलं घोटे आत टाकून चालतात आणि मोठ्यांना वाटतं घोटे कमजोर आहेत. अर्धा नंबर जादा, त्याहून जास्त नको, आणि मोजा पातळ.

लेह_पुणे :

आम्ही काही जण दर हिवाळ्यात लेहला आइस हॉकीच्या शिबिराला जातो. तिथे बरेच स्केट परदेशातून आलेले, वापरलेले असतात. एकच बूट चार जणांच्या पायात जातो. ओव्हन म्हणून हाताशी फार तर ओटीजी. अशा बुटांचं काही करता येईल?

रिंककाठी :

ओटीजी नको. बऱ्याच ओटीजींचं बटण १०० अंश सेल्सियसपासूनच सुरू होतं. डबा लहान, सळया वर आणि खाली उघड्या, आणि ब्लेडसकट मोठ्यांचा बूट आत मावला तरी सळईपासून चार बोटांवर राहतो. वरची कड जळेल आणि घोटा थंडच राहील.

वापरलेल्या बुटात आधी फोम जिवंत आहे का ते बघा. घोट्याजवळ आतून अंगठ्याने दाबा. दाबून सोडल्यावर फोम हळूहळू वर आला तर त्याला अजून आकार घेता येतो. खळगा तसाच राहिला किंवा खाली थेट कडक भिंत लागली तर तो संपला. मेलेला फोम गरम केल्याने फुगत नाही.

बूट वाटून वापरायचे असतील तर पूर्ण बेक करूच नका. एकाच्या पायाचा साचा दुसऱ्याला टोचतो. त्याऐवजी टोचणारी जागा शोधा आणि हेअर ड्रायरने, आतल्या बाजूने, तेवढाच भाग तीन-चार मिनिटं गरम करा. ड्रायर सतत फिरता ठेवा, लायनरपासून वीतभर अंतरावर. मग मोजा घालून पाय आत, नाड्या बांधून दहा मिनिटं बसा. भिंत फारशी हलणार नाही, पण लायनर आणि वरचा फोम बसतो आणि हाडाची टोच कमी होते. हीट गन अनोळखी हाताने आतून वापरू नये, लायनर काही सेकंदांत आक्रसतो.

हिमकण :

लेहच्या थंडीबद्दल एक. तिथे उघड्या तलावाच्या बर्फावर, शून्याच्या बऱ्याच खाली, सकाळी बूट दगडासारखे कडक असतात. कडक बुटात नाडी नीट आवळत नाही, मग मुलं ती सामन्यात तीनदा सोडून बांधतात. बूट रात्री बाहेर किंवा गाडीत ठेवू नका, खोलीत ठेवा. बुखारीच्या (खोली तापवायच्या शेगडीच्या) मात्र जवळ नको. थेट झळीने गोंद सुटतो, आणि ओला चामडी किंवा कापडी लायनर झपाट्याने वाळला की भेगाळतो. इनसोल बाहेर काढून, जीभ उघडून, हवेवर वाळवा.

लेह_पुणे :

फार उपयोगी. एक विचारायचं राहिलं. पायाच्या वर, नडगी जिथे पावलाला मिळते तिथे, बऱ्याच मुलांना लाल वळ उठतो आणि दाबलं की कळ येते.

बर्फाळवाट :

ही नाडीची चावण, इकडे लेस बाइट म्हणतात. नडगीवरून पावलाकडे येणारा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोर) नाडी आणि हाडाच्या मधे चेपला जातो. कारणं बहुधा तीन. जुन्या बुटाची जीभ पातळ होऊन मेलेली असते. बूट उथळ असतो, म्हणजे वर सांगितलेली पेन्सिलीची तपासणी. किंवा वरची दोन छिद्रं अतोनात आवळलेली असतात.

लगेच करायचा उपाय म्हणजे दुखतं त्या उंचीचं छिद्र सोडून द्या, नाडी तिथे आडवी न नेता खालून वर सरळ घ्या. जिभेच्या मागे जेलचा किंवा फोमचा तुकडा ठेवा, पण दुखतं तिथे भोक पाडून, म्हणजे दाब कडांवर जाईल. शक्य असेल तर जाड फेल्टची नवी जीभ शिवून घ्या. चांगला मोची हे काम करू शकतो, शिवण जिथे होती त्याच भोकांतून घ्यायची. वळ काही दिवसांत गेला नाही तर मात्र खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवा.

टाच_अंगठा :

टाचेच्या मागे हाड वाढल्यासारखं टेंगूळ येतं, त्याला बेकचा उपयोग?

रिंककाठी :

त्याला उपयोग आहे, पण उलट क्रमाने. टेंगूळ येतं कारण टाच बुटात वर-खाली घासते. आधी ती हलायची थांबली पाहिजे. म्हणून टाच मागे टेकवून नीट बेक, घोट्यावर दोन-तीन फेरे रॅप, मग उरलेल्या दाबासाठी टेंगळाच्या जागी पंच. नुसता पंच केला तर टाचेला हलायला आणखी जागा मिळते आणि टेंगूळ वाढतं.

प्राजक्त_कॅलगरी :

एका बुटाला किती वेळा बेक करता येतं? पहिल्या वेळी टाच मागे टेकवायची राहिली आणि साचा चुकला, असं समजा.

हिमकण :

असं झालं तर दुसऱ्यांदा करायला हरकत नाही. दोन-तीनदा बूट सहन करतो. प्रत्येक वेळी गोंद थोडा कमकुवत होतो आणि फोमचा काही भाग कायमचा दबतो, म्हणून "थोडं अजून चांगलं होईल" एवढ्यासाठी नको. दुसऱ्यांदा करण्याआधी किमान पाच-सहा तास बर्फावर घालून बघा. पहिल्या तासातला बराचसा त्रास आपोआप जातो. सहा तासांनंतरही एकाच जागी दुखत असेल तर पंच. सगळीकडे सैल किंवा टाच हलत असेल तरच पुन्हा बेक.

कमानीत पेटका येत असेल तर गरम करण्याचा संबंध कमी असतो. बहुधा चवड्यावरच्या नाड्या फार आवळलेल्या असतात किंवा कमानीखाली आधार नसतो. खालची चार छिद्रं नुसती सरळ, मधली घोट्याच्या वळणावरची दोन-तीन घट्ट, वरची मध्यम, असं बांधून बघा. फरक पडला नाही तर कमानीचा तळवा घ्या.

प्राजक्त_कॅलगरी :

शेवटचं. उद्या पहाटे ६ला सराव आहे, बूट आज संध्याकाळी मिळतायत. रात्री ९ला बेक करून सकाळी घातले तर?

रिंककाठी :

नको. नऊ तासांत बूट हाताला थंड लागतो, पण आतला गोंद आणि फोम अजून बसत असतात. अशा वेळी जोराने थांबलं, वळलं की घोट्याची भिंत बाहेर ढकलली जाते आणि रात्रभराचा साचा पहिल्या दहा मिनिटांत बिघडतो. उद्या जुने स्केट घाला. नवे रात्रभर खोलीच्या तापमानाला उभे ठेवा, डिकीत किंवा गॅरेजात नको. लवकर थंड व्हावेत म्हणून बर्फात किंवा फ्रीजरमध्येही नको, कारण आकार पायाच्या दाबाखाली हळू थंड होताना बसतो.

आणि दुकानातून बाहेर पडताना ब्लेडवरून नखाची कड आडवी ओढून बघा. पुष्कळ नव्या जोड्या धार न लावताच येतात. नखाचा बारीक किस निघाला नाही तर तिथेच धार लावून घ्या. परवाच्या सरावाला बूट पायाला बसलेला असेल आणि पाय घसरत असेल, तर लोक दोष साच्याला देतात.